व्हाइसखालचं इंजिन

आमच्या कॉटन ग्रीनच्या गाळ्यात शिरलं की उजव्या हाताला व्हाइस आहे. व्हाइस म्हणजे लोखंड पकडायचा जबडा. दांडा फिरवला की आवळतो, मग आतलं लोखंड कापा, घासा, ठोका, ते हलत नाही. पण त्यासाठी व्हाइस स्वतः हलता कामा नये. लोक तो लाकडी बाकावर बसवतात. आमचा मोटारीच्या इंजिनावर बसवलेला होता. सहा सिलिंडरचा ओतीव लोखंडाचा ब्लॉक, उभा करून अर्धा जमिनीत पुरलेला, वरच्या तोंडावर जाड पत्रा आणि पत्र्यावर व्हाइस. चाळीस वर्षं तो तसूभर हलला नाही. मुंबईत एका जागी एवढं टिकलेलं मी दुसरं काही पाहिलेलं नाही, माणसं धरून.

मी मालवणकडची. चौथी शिकले. पाचवीची शाळा लांब होती आणि गुरं जवळ होती. लग्न होऊन घोडपदेवला आले. नवरा गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांच्या विभागात, फिटर. गिरणी बंद पडली तेव्हा घरात त्यांची पान्यांची पेटी होती आणि गिरणीतून आणलेली वेस्टची दोन पोती. वेस्ट म्हणजे मागावर तुटलेल्या धाग्यांचे गुंते. गिरणीत मशीन त्यानेच पुसायचे. आमच्याकडेही सगळं त्यानेच पुसलं जायचं. स्टोव्ह, खिडकी, पोरांची नाकंसुद्धा.

मग हा गाळा भाड्याने घेतला. नवरा इंजिनं बदलायचा, मी सायलेन्सर करायचे. गल्लीत सगळे त्यांना मिस्त्री म्हणायचे. मीही मिस्त्रीच म्हणायला लागले. आमच्यात नवऱ्याचं नाव घेत नाहीत, तेव्हा ती एक सोय झाली.

त्या काळी मुंबईत जुन्या अमेरिकन गाड्या पुष्कळ होत्या. कुणा संस्थानिकाच्या, कुणा शेटच्या, कुणा कंपनीच्या साहेबाच्या. साहेब गेला, गाडी राहिली. आमच्या गल्लीत वळवायची तर तीनदा मागेपुढे करावं लागे. पेट्रोल अशा प्यायच्या की टाकीला भोक आहे की काय असं वाटावं. मग लोकांनी युक्ती काढली. पेट्रोलचं इंजिन काढायचं आणि टेम्पोचं डिझेल इंजिन बसवायचं. बाहेरून गाडी अमेरिकन, आतून भाजीचा टेम्पो. मिस्त्रींनी अशा किती गाड्या केल्या ते मी मोजलं नाही. त्या चालायच्या. चांगल्या चालायच्या असं मी म्हणणार नाही.

इंजिन बदललं की धुराची वाट बदलते. जुन्याचा धूर एका बाजूने निघायचा, नव्याचा दुसऱ्या. मग पाइप नव्याने वाकवायला लागतो. नुसता तापवून वाकवला तर चेपतो, म्हणून आत सुकी रेती ठासून भरायची, दोन्ही तोंडांना लाकडी बुचं ठोकायची आणि मग भट्टीवर लाल करून वाकवायचा. रेती चाळणं, सुकवणं, ठासणं माझं काम. एकदा मिस्त्रींनी फुकट मिळते म्हणून चौपाटीची रेती आणली. मिठाने तो पाइप आतून सडला आणि गिऱ्हाइकाच्या लग्नात गळून पडला. त्यानंतर रेती मी आणू लागले.

सायलेन्सर म्हणजे पत्र्याच्या डब्यात भोकाभोकांचा पाइप आणि त्याच्याभोवती काचेची लोकर. लोकर कमी भरली तर गाडी भुंकते, जास्त भरली तर गुदमरते. हे पुस्तकात असेल तर मला माहीत नाही. मला हाताने कळतं. लोकर अंगाला फार खाजते, म्हणून मी साडीवर मिस्त्रींचा गिरणीतला खाकी सदरा घालायचे. अजून घालते.

आता त्या इंजिनाची गोष्ट.

गिरगावात एक हेडक्लार्क होते, जहाज कंपनीत. कंपनीचा मोठा साहेब परदेशी परत गेला तेव्हा त्याची गाडी लिलावात निघाली आणि ती ह्या माणसाने घेतली. पिस्ता रंगाची, वरून पांढरी, मागे माशासारख्या दोन शेपट्या. चाळीत दोन खोल्या, खोल्यांत सहा माणसं, आणि खाली रस्त्यावर ही गाडी. शेजारी म्हणायचे, पाहुणे आले की गाडीत झोपवत जा. ते लग्नाच्या वरातीला गाडी द्यायचे, पण चालवायला दुसऱ्या कुणाला द्यायचे नाहीत. पांढरी टोपी घालून स्वतः बसायचे. दर रविवारी गाडी आमच्याकडे आणायचे, बिघडली असो वा नसो. ते आणि मिस्त्री बॉनेट उघडून आत बघत उभे राहायचे. बोलायचे फारसे नाहीत. बरोबर त्यांचा दहाबारा वर्षांचा मुलगा असायचा, तो माझ्या रेतीत खेळायचा आणि मी ओरडायचे. तो लहान होता एवढंच. पुढे तो मोठा झाला, बँकेत लागला, तिथून मुदतीआधीच रिटायर झाला. ही गोष्ट त्याचीच आहे.

एका वर्षी गाडी पाणी पिऊ लागली. रेडिएटर भरला की दोन दिवसांत रिकामा, आणि मागून पांढरा धूर. मिस्त्रींनी इंजिन उतरवलं, सगळं सुटं केलं आणि ब्लॉकला तडा आहे का ते बघायला काढलं. तडा डोळ्याला दिसत नाही. ब्लॉकला रॉकेल चोपडून ठेवायचं, ते बारीकशा फटीतसुद्धा शिरतं. मग वरचं रॉकेल पुसून काढायचं आणि पातळ चुना फासायचा. चुना सुकला की फटीतलं रॉकेल बाहेर झिरपतं आणि पांढऱ्यावर काळी रेघ उमटते. रेघ म्हणजे तडा.

रॉकेल मी लावलं, पुसलं मी, चुनाही मीच फासला. मिस्त्री विडी ओढत बसले होते. थोड्या वेळाने उठून त्यांनी बघितलं.

"बघ गो," म्हणाले. "तडो गेलो. ब्लॉक मेलो."

रेघ होती. मीही पाहिली. वीतभर लांब, केसासारखी. मिस्त्रींनी छिन्नीने रेघेच्या दोन्ही टोकांना एकेक टिंब ठोकलं, तशी पद्धत आहे. मग चुना धुऊन टाकला.

हेडक्लार्क दोन दिवसांनी आले. मिस्त्रींनी त्यांना टिंबं दाखवली.

"ह्या दोघांच्या मधे."

"मला काही दिसत नाही."

"साध्या डोळ्याला दिसायचं नाही."

"मग मी कशाने बघू?"

आता पुन्हा चुना फासून दाखवला असता तर अर्ध्या तासाचं काम. पण मिस्त्रींना राग आला. वीस वर्षं फिटरकी केलेल्या माणसाला एक कारकून विचारतो, कशाने बघू. ते म्हणाले, "माझ्या डोळ्याने बघा." हेडक्लार्कनी मान डोलावली. खरं सांगायचं तर तडा त्यांनाही सोयीचा होता. डिझेल बसवायला काय लागेल हे त्यांनी आधीच दोनदा विचारलं होतं, घरी बायकोला सांगायला कारण नव्हतं एवढंच. आणि डिझेलचं काम मिस्त्रींना हवंच होतं. सगळ्यांना सोयीची गोष्ट असली की कुणी दुसऱ्यांदा बघत नाही.

डिझेल बसलं. पहिल्याच वरातीत गाडी धडधडली, नवरीच्या शालूवर काजळी उडाली आणि नवऱ्याच्या मामाने चारचौघांत विचारलं, "ही गाडी आहे की पिठाची गिरणी?" तिथून हेडक्लार्क चाळीत सांगू लागले की इंजिनाला काही झालं नव्हतं, मिस्त्रीने चांगलं इंजिन विकून खाल्लं आणि माझ्या गळ्यात टेम्पो बांधला. गिरगावातून ते घोडपदेवपर्यंत आलं. अशा गोष्टींना बसचं तिकीट लागत नाही. आमच्या नळावर मला एकीने विचारलं, "काय गो, इंजिन विकलास म्हणे?" मी तिची कळशी बाजूला सरकवली आणि माझी लावली.

मिस्त्रींनी इंजिन विकलं नव्हतं. तडा गेलेला ब्लॉक भंगारातच जायचा, पण आम्हाला व्हाइससाठी जड काहीतरी हवं होतं. म्हणून पुरला. हे ते हेडक्लार्कना सांगू शकले असते. सांगितलं नाही. म्हणाले, ज्याला मी चोर वाटतो त्याला मी उत्तर देत नाही. मी सांगू शकले असते. मीही सांगितलं नाही, मलाही राग आला होता. रविवारी गाडी यायची बंद झाली. त्यानंतर दोघं कधी भेटले नाहीत. हेडक्लार्क आधी गेले, मिस्त्रींना जाऊन आता अकरा वर्षं झाली. गाळा मी चालवते. एक वेल्डर आहे, गाझीपूरचा, पन्नाशीचा. तो मला मौसी म्हणतो आणि माझं ऐकत नाही.

गेल्या वर्षी गणपती होऊन गेल्यावर एक माणूस गाळ्यात आला. टक्कल, चष्मा, हातात प्लास्टिकची फाइल. व्हाइसवर कोपर टेकून उभा राहिला.

"काकी, ओळखलंत?"

"नाही."

"तुमच्या रेतीत खेळायचो."

मग ओळखलं. मी म्हटलं, "बूट पूस. अजून रेती आहेच आत."

गाडी अजून त्याच्याकडे होती. शीवला एका ओळखीच्याच्या शेडमध्ये झाकून ठेवलेली. त्याचं म्हणणं असं होतं, की जुनी डिझेल गाडी म्हणून ती आता ठेवता येत नाही, भंगारात द्यावी लागेल. मात्र फार जुन्या गाड्यांची वेगळी नोंद होते, ती झाली तर गाडी वाचते. पण त्यासाठी गाडी मुळात होती तशी पाहिजे. टेम्पोचं इंजिन चालत नाही. त्याने दोन वर्षं फिरून बाहेरगावाहून त्याच जातीचं एक पेट्रोल इंजिन आणलं, तर आरटीओतल्या साहेबाने गाडीच्या जुन्या नोंदणी पुस्तकातला इंजिनाचा नंबर काढून दाखवला आणि म्हणाला, हा नंबर कुठे आहे? फाइलीत ते जुनं पुस्तक होतं. वडिलांनी जपून ठेवलेलं.

"सायलेन्सर तरी तुमच्याकडून करून घ्यावा म्हटलं," तो म्हणाला. "बाकीचं बघू. ओरिजिनल इंजिन तर काकांनी तेव्हाच..." आणि थांबला. बँकेतली माणसं वाक्य अर्धं सोडतात आणि आपण सही करायची अशी अपेक्षा ठेवतात.

"विकलं नाही," मी म्हटलं. "तू कोपर ठेवलायस त्याच्याखाली तेच आहे."

त्याने कोपर असं उचललं की जणू चटका बसला.

पुढची पाच मिनिटं तो त्या लोखंडाभोवती फिरत होता. वाकून बघत होता, बोटाने ठोकत होता. मग त्याला आठवलं. "पण तडा आहे ना?"

"मिस्त्री म्हणाले आहे."

"बाबा म्हणायचे नाही."

"तुझे बाबा कारकून होते."

हे बोलून गेल्यावर आम्ही दोघंही त्या ब्लॉककडे बघत राहिलो. त्याला तडा नको होता. तडा असला तर नंबर जुळूनही इंजिन कामाचं नाही आणि गाडी भंगारात. मला तडा हवा होता. नसला तर नवऱ्याने धडधाकट इंजिन मेलं म्हणून सांगितलं, आणि नळावर जे बोलले ते निदान अर्धं तरी खरं. त्याला मी हे स्पष्ट सांगितलं. तो म्हणाला, "काकी, मग राहू दे का?"

"राहू दे कशाला? लोखंड आहे, देव नाही. उकर."

दुसऱ्या दिवशी सकाळी उकरायला घेतलं. व्हाइस काढून भिंतीला टेकवला. वेल्डर पहार घेऊन बसला आणि प्रत्येक घावाला बडबडत होता. "मौसी, चालीस साल का झाड है ये. जड़ पकड़ गया है." दोन हात खणल्यावर ब्लॉक सुटला. चेनपुलीने वर घेतला. डांबरात बुडवलेलं गोणपाट भोवती गुंडाळलेलं होतं. आत सिलिंडर ग्रीसने गच्च भरलेले, वर लाकडी बुचं. बुचं माझ्याच पाइपांची होती. मी तेव्हा आठवडाभर शोधत होते.

तो बघतच राहिला. म्हणाला, "काकी, किती जपून ठेवलंय काकांनी. त्यांना मनातून माहीत असणार की इंजिन चांगलं आहे."

"काही माहीत नव्हतं. त्यांना ग्रीस लावायची सवय होती. आमच्या विळीला लावून ठेवलं होतं एकदा. दोन दिवस आम्ही ग्रीसची भाजी खाल्ली."

वेल्डरने तारेच्या ब्रशने एक बाजू घासली. नंबर निघाला. एक जण पुस्तकातून आकडा वाचायचा, दुसरा ब्लॉकवरून. शेवटच्या आकड्यापर्यंत जुळला. त्याने चष्मा काढून पुसला. मी म्हटलं, आत्ताच पुसू नकोस, अजून बघायचं आहे. टिंबंही सापडली. वीतभर अंतर. मधे साधं लोखंड. साध्या डोळ्याला काही दिसत नव्हतं. हेडक्लार्कनाही हेच दिसलं असेल.

वेल्डर म्हणाला, हल्ली तडा बघायला फवारा मिळतो, लाल रंगाचा. मी म्हटलं, पहिल्यांदा जसा बघितला तसाच बघायचा. पण रेशनचं रॉकेल बंद होऊन जमाना झाला. शेवटी त्याच गाडीच्या टाकीतून काढून आणलेलं डिझेल घेतलं. चुना पानवाल्याकडून आणला. तो म्हणाला, "मावशी, एवढं पान कोण खातं?" मी म्हटलं, इंजिन.

डिझेल मी लावलं. चहा झाला. मग मी ब्लॉक पुसला, चुना कालवून फासला, पंखा लावला. आम्ही तिघं पालथ्या डब्यांवर बसलो. तो टिंबांकडे बघत होता. मीही.

वेल्डरनेच आधी पाहिलं. "गया," म्हणाला.

रेघ आली होती. काळपट, केसासारखी, बोटभर.

त्याने फाइल उघडली, बंद केली, पुन्हा उघडली. मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू? मिस्त्री खरे ठरले म्हणून बरं वाटलं, आणि ह्याची गाडी भंगारात जाणार हे मला दिसत असताना वाटलं. दोन्ही एकाच वेळी.

मग मी उठून जवळ गेले. रेघ टिंबांच्या मधे नव्हती. टिंबं खाली होती आणि रेघ चार बोटं वर. टिंबांच्या मधे चुना पांढराफेक. तडा जमिनीत पडल्या पडल्या चार बोटं सरकत नाही. वाकून बघितलं तर रेघेचं एक टोक जरा वर उचललेलं होतं. मी नख लावलं. रेघ नखाला आली.

धागा होता.

माझ्या दुसऱ्या हातात वेस्टचा बोळा होता. गिरणीची वेस्ट केव्हाच संपली, पण हल्लीही बाजारात तसलीच मिळते आणि मी तीच घेते. ओतीव लोखंड खरबरीत असतं. पुसताना वेस्टमधला धागा त्याला अडकतो. वरून चुना बसला की दिसत नाही, पण धागा तेल प्यालेला असतो, ते हळूहळू वर येतं. रेघ उमटते ती हुबेहूब तड्यासारखी.

दुसऱ्या कुणी साध्या फडक्याने पुसलं असतं. आम्ही गिरणीची माणसं.

"काय झालं?" त्याने विचारलं.

"पुन्हा करू," मी म्हटलं.

ह्या खेपेला घरून माझी जुनी मऊ साडी आणली, फाडली, त्या तुकड्याने मी पुसलं. हातानेही चाचपून बघितलं. पुन्हा चुना, पुन्हा पंखा. तासभर बसलो. वेल्डर जेवून आला. टिंबांच्या मधे काही नाही. वर नाही, खाली नाही. सगळा ब्लॉक पांढरा, भुतासारखा. दोन दिवसांनी जवळच्या लेथवाल्याकडे नेऊन पाण्याच्या दाबाचीही परीक्षा केली. थेंब गळला नाही. लेथवाला म्हणाला, तडा कसला, वरचं झाकण आणि ब्लॉक यांच्यामधलं गॅस्केट गेलं असेल, म्हणून पाणी प्यायची. गॅस्केट म्हणजे नखाएवढ्या जाडीचा एक पत्रा. तो बदलला असता तर संध्याकाळी गाडी घरी गेली असती.

पण ते दोन दिवसांनी. त्या दुपारी चुना सुकल्यावर मी त्याला काय झालं ते सांगितलं. तेव्हा कुणी पुसलं होतं, कशाने पुसलं होतं, सगळं. 

"म्हणजे बाबा बरोबर होते."

"तडा नव्हता, ते त्यांचं बरोबर. विकून खाल्लं, ते खोटं. आमचं न विकलेलं खरं, आणि तडा चुकला. अर्धं अर्धं."

"एका धाग्यासाठी, काकी?"

"आणि दोन माणसांच्या नाकासाठी. नुसत्या धाग्याने एवढं होत नाही."

तो हसला. मी हसले नाही, मला तेव्हा हसू आलं नाही. नंतर घरी भाकरी थापताना आलं.

लेथवाल्याने सिलिंडर घासून नवं अस्तर बसवलं, बाहेरगावच्या इंजिनाचे सुटे भाग ह्याला लागले. दिवाळीनंतर गाडी आमच्या गल्लीत आली, टोचन लावून, दुसऱ्या गाडीने ओढत. इंजिन बसवून झाल्यावर माझं काम आलं, आणि आमचं भांडण झालं.

त्याला आवाज हवा होता. म्हणाला, "काकी, लहानपणी ही गाडी कशी गुरगुरायची! कोपऱ्यावर वळली की आम्हाला तिसऱ्या मजल्यावर कळायचं. तोच आवाज पाहिजे."

"तो सायलेन्सरला भोक पडल्याचा आवाज होता. मीच नंतर बुजवलं."

"नाही हो. अमेरिकन गाडीचा आवाज असतो तसा."

"तू मोबाइलवर ऐकलेला असेल. ही साहेबाची गाडी. मागे बसून साहेब पेपर वाचायचा. गुरगुरली असती तर त्याने ड्रायव्हर बदलला असता."

"थोडीशी तरी?"

"मी सायलेन्सर करते, भोंगा नाही. भोंगा पाहिजे तर बाहेर पुष्कळ पोरं करून देतात."

तो दोन दिवस रुसला. पन्नाशी ओलांडलेला माणूस. मग फोन आला, "करा तुम्हाला हवा तसा." मी केला. पाइपाला तीन वळणं, आतल्या पाइपाची भोकं हाताने पाडलेली, लोकर दोन थरांत. गाडी चालू केली तेव्हा तो गाडीत बसून विचारत होता, "झाली का चालू?" वेल्डरने मागच्या पाइपासमोर हात धरून सांगितलं, "चालू है साहब, हवा आ रही है." तो खाली उतरला, बॉनेटला हात लावून उभा राहिला. बराच वेळ. मी आत जाऊन चहा ठेवला.

आरटीओचा साहेब गाडी बघायला यायच्या आधी एक कागद करायचा होता. इतकी वर्षं इंजिन कुठे होतं आणि का काढलं ते लिहून द्यायचं, साक्षीदार म्हणून माझी सही. त्याने टाइप करून आणला आणि वाचून दाखवला. "तांत्रिक कारणास्तव इंजिन उतरविण्यात आले व मिस्त्रींच्या ताब्यात सुरक्षित ठेवण्यात आले."

"तांत्रिक कारण म्हणजे कोण?" मी विचारलं.

"असंच लिहितात, काकी."

"मग मी सही करत नाही."

"काय लिहू?"

"झालं ते लिही."

तो खुर्ची ओढून बसला आणि मी सांगितलं ते त्याने त्याच कागदाच्या मागे लिहिलं. ब्लॉकला तडा आहे असं समजून मिस्त्रींनी इंजिन काढलं. तडा नव्हता. पुसताना अडकलेला धागा होता. पुसणारी मी. इंजिन विकलं नाही, कुणाला दिलं नाही, गाळ्यातच होतं.

"तुमचं कशाला घालता? काकांची चूक म्हणून चालेल."

"त्यांनी बघितलं, मी पुसलं. घाल."

त्याने घातलं. परत टाइप करून आणलं. मी सगळं वाचलं, मला वाचायला वेळ लागतो, तो थांबला. मग सही केली. चौथीतलं अक्षर आहे, पण स्वच्छ आहे. साहेबाने कागद वाचून काय म्हटलं ते विचारलं तेव्हा तो म्हणाला, साहेबाने दोनदा वाचला, मान वर करून विचारलं, "ह्या बाई कोण?" आणि शिक्का मारला. कागदाची एक प्रत त्याने त्यांच्या जुन्या चाळीत खाली लावलेल्या फळ्यावर टाचली, सोसायटीच्या नोटिसांच्या शेजारी. मी सांगितलं नव्हतं. कुणी वाचली असेल का ते माहीत नाही. तेव्हाचे आता तिथे फार कुणी राहिलेले नाहीत.

राहिला आमच्या गाळ्यातला खड्डा. व्हाइस भिंतीला टेकलेला आणि काम खोळंबलेलं. वेल्डर रोज विचारायचा, बाक करायचा का? गाडीतून उतरवलेलं टेम्पोचं इंजिन दाराबाहेर पडून होतं. भंगारवाला दोनदा बघून गेला होता. मी म्हटलं, हेच पुरू.

वेल्डर म्हणाला, "मौसी, चालीस साल बाद कोई इसको भी मांगने आएगा."

"मग तू दे."

खड्ड्याशेजारी ते उभं केलं. त्याने ग्रीसचा डबा उघडला आणि माझ्याकडे बघितलं. "लगाऊं?"

"लाव. आधी पूस."

तो वेस्टचा बोळा घ्यायला गेला. मी त्याच्या हातात साडीचा तुकडा दिला. म्हणाला, गाडायचंच तर आहे, कोण बघतंय? मी इंजिनाकडे बोट दाखवलं. त्याने पुसलं.

व्हाइस बसवला. दांडा आवळून, हातोडीचे चार ठोके घालून बघितला. हलत नाही.